सांताचा अतिरिक्त कार्यभार

राष्ट्रीय अवजड झडप निगमाच्या भोपाळ कारखान्यातील सर्व कर्मचाऱ्यांनी पंचवीस डिसेंबरला आनंदित व्हायचे आहे, असा आदेश महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात निघाला. आनंद सायंकाळी टाउनशिपच्या क्लबात होणार होता. उपस्थिती अनिवार्य होती. कुटुंबास आणणे ऐच्छिक होते; मात्र आणल्यास ते दोन अपत्यांपुरते मर्यादित ठेवावे, अशी तळटीप खाली होती.

ह्या आनंदाचे मूळ जी.एम. साहेबांच्या परदेश दौऱ्यात होते. आदल्या डिसेंबरात साहेब झडपा कशा बनवतात हे पाहायला जर्मनीला गेले होते. ते पोचले तेव्हा नाताळानिमित्त झडपांचा कारखाना बंद होता, त्यामुळे साहेबांना पाहायला मिळाली ती फक्त त्या कारखान्याची नाताळची पार्टी. तिथला मालक स्वतः सांताक्लॉज झाला होता आणि कामगारांना वर्षअखेरीच्या बोनसची पाकिटे वाटत होता. आता दौरा झाला की अहवाल आला, आणि अहवाल आला की शिफारस आली. त्याशिवाय प्रवासभत्ता सुटत नाही. झडपांविषयी शिफारस करण्यासारखे साहेबांकडे काही नव्हते, तेव्हा त्यांनी सांताची केली. दिल्लीच्या मुख्यालयाने ती मान्य केली आणि आपल्या पदरचे एक वाक्य जोडले : ‘वर्षअखेरीचा बोनस प्रत्येक कर्मचाऱ्यास सांताक्लॉजच्या हस्तेच देण्यात यावा, अन्य हस्ते दिलेला बोनस अनियमित समजला जाईल.’ अधिकाऱ्यांची गोष्ट वेगळी होती. त्यांच्या बोनसला प्रोत्साहन राशी म्हणत आणि ती परस्पर बँकेत जमा होई, त्यामुळे त्यांना सांताची गरज पडत नसे.

वेल्डिंग शॉपमधल्या कुरियनने पंचवीस तारखेच्या संध्याकाळी पार्टीतून सूट मागितली. कारण म्हणून त्याने ‘घरी नाताळ’ असे लिहिले होते. अर्ज नामंजूर झाला. “नाताळच्या दिवशी नाताळ सोडून घरी जायचं म्हणता?” असे त्याला सर्वांसमक्ष विचारण्यात आले.

राहता राहिला प्रश्न सांताचा. जर्मनीत मालक सांता होतो. पण सरकारी कारखान्याला मालक नसतो, आणि जी.एम. साहेबांनी लाल डगला घालणे पदाच्या प्रतिष्ठेला धरून नव्हते. साहेबांनीच तसे टिपणात नमूद केले. तेव्हा सांताचे पद कर्मचाऱ्यांतून, सेवाज्येष्ठतेनुसार, अतिरिक्त कार्यभार म्हणून भरावे असे ठरले आणि ते थेट कल्याण विभागातले वरिष्ठ सहायक भालचंद्र डबीर ह्यांच्या अंगावर येऊन पडले.

डबीरांचे वडील नागपूरहून सचिवालयाबरोबर भोपाळला आले होते. स्वतः डबीर नोकरीभर पिपलानीच्या पुढच्या ह्या टाउनशिपात राहिले आणि अंगाने इतके किरकोळ राहिले की शर्ट त्यांच्या अंगावर आहे की हँगरवर, असा प्रश्न पडावा. कार्मिक अधिकारी मीना तिवारींनी त्यांना बोलावून घेतले.

“बधाई हो डबीरजी, आपकी सीनियॉरिटी लग गई.”

“मॅडम, पण सांता जाडा असतो. त्याला पोट असतं.”

मीना मॅडमनी फाइल चाळली. पोट ही इष्ट अर्हता होती, अनिवार्य नव्हे. आणि त्याचीही व्यवस्था प्रशासनाने केलेली होती. “गेस्ट हाउस से तकिया इश्यू करवा लीजिए. गेट पास मैं बना देती हूँ.”

डबीर नाही म्हणू शकले असते. पण ह्या वर्षीच्या बोनसशी त्यांचे सगळे घर बांधलेले होते आणि अशा वेळी माणूस प्रशासनाशी वाकडे घेत नाही. त्यांच्या पत्नीची, नलिनीबाईंची, मनगटे कपडे पिळून पिळून कामातून गेली होती. हिवाळ्यात तर त्यांना पोळी लाटतानाही हात झटकावा लागे. बोनस आला की कपडे धुण्याचे मशीन आणायचे, हे डबीर दर वर्षी म्हणत आणि दर वर्षी बोनसला दुसरी वाट फुटे. एकदा आईचा मोतीबिंदू निघाला, एकदा भाचीचे लग्न निघाले, एकदा स्कूटरचे इंजिनच बसले. ह्या वेळी मात्र तयारी पक्की होती. न्हाणीघराच्या कोपऱ्यात मशीनसाठी वेगळा नळ आणि वेगळा प्लग बसवून झाला होता. टाउनशिपच्या मेंटेनन्सकडे डबीरांनी ह्या नळाचा अर्ज टाकला तेव्हा त्यांची मुलगी शाळेत होती आणि नळ बसला तेव्हा ती कॉलेजात गेली होती. आता नळ होता, प्लग होता, फक्त मशीन नव्हते. नलिनीबाईंनी त्या नळावर पंचा वाळत घालायला सुरुवात केली होती, आणि तो पंचा पाहिला की डबीरांना मनातून अपराधी वाटे.

पोशाखाची निविदा निघाली. सर्वांत कमी दर लग्नाच्या एका बँडवाल्याचा होता, त्यामुळे सांताच्या लाल कोटाला खांद्यावर सोनेरी झालरी आल्या. दाढी टाउनशिपच्या रामलीला समितीकडून मिळाली. ती मुळात एका ऋषींची होती आणि बेंबीपर्यंत येत होती. पाकिटांसाठी गोणपाटाचे पोते करोंदच्या मंडीतून आणले. त्यात गव्हाचा भुसा इतका होता की सांता दर पाकिटामागे शिंकत असे.

पार्टी आदेशानुसार झाली. केक अंड्याचा की बिनअंड्याचा ह्यावर उपसमितीचे एकमत न झाल्याने समोसे दिले गेले. साहेबांनी जर्मनीविषयी भाषण केले. मग डबीर उठले आणि पोटाची उशी एका हाताने सावरत पाकिटे वाटू लागले. प्रत्येक कर्मचाऱ्यासमोर तीन वेळा ‘हो’ म्हणून हसावे, असे परिशिष्टात होते. फौंड्रीपर्यंत ते हसले, मशीन शॉपमध्ये त्यांचा घसा बसला आणि असेंब्लीच्या लोकांना त्यांनी खुणेनेच हसून दाखवले. पाकीट घेणाऱ्या प्रत्येकाने मात्र मनापासून टाळ्या पिटल्या. त्यांचा शेजारी जयंत कानडे तर व्यासपीठावरच त्यांच्या गळ्यात पडला. “डबीर, काय शोभतोस रे यार! एकदम जच रहा है!”

सगळ्यात शेवटी पोत्यात एकच पाकीट उरले. त्यावर ‘श्री. भा. ग. डबीर’ असे लिहिले होते. डबीरांनी ते काढले, भुसा झटकला आणि खिशात घालणार, तोच लेखापरीक्षा विभागाचे विश्वास लघाटे खुर्चीतून उठले. लघाटे पुण्याचे होते आणि आवाज न चढवता बोलत.

“डबीर, हे पाकीट कोण देतंय?”

“मी.”

“आणि घेतंय कोण?”

“मीच की.”

“मग थांबा,” लघाटे म्हणाले. “देणारा आणि घेणारा एकच असेल तर त्याला वितरण म्हणत नाहीत. त्याला अपहार म्हणतात.”

डबीरांनी घाईघाईने दाढी खाली ओढली. “मग ही दाढी मी जयंताला देतो. तो मला पाकीट देईल. दोन मिनिटांचं काम आहे.”

“दाढी तुमच्या नावावर इश्यू आहे. कानडेंच्या हाताने घेतलंत तर ते अन्य हस्ते झालं. आदेश वाचा.” लघाट्यांनी पाकीट हळुवारपणे त्यांच्या हातातून काढून घेतले. “तुमच्यावर अविश्वास नाही हो. उलट तुमच्याच सुरक्षिततेसाठी सांगतोय.” पाकिटाला लाख लागली आणि ते तिजोरीत गेले. तोवर समोसे संपत आल्याची बातमी पसरल्यामुळे सभागृह बरेचसे रिकामे झाले होते.

दुसऱ्या दिवशी डबीर साध्या कपड्यांत कार्मिक विभागात गेले. मीना मॅडम त्यांना पाहून दचकल्या.

“ड्रेस कहाँ है आपका?”

“पार्टी तर काल झाली, मॅडम.”

पार्टी झाली होती हे मॅडमना मान्य होते. पण डबीरांची नेमणूक पार्टीपुरती नव्हती, ती ‘पुढील आदेशापर्यंत’ होती. पुढील आदेश दिल्लीहून यायचा होता. तो आला की दुसरा सांता नेमला जाईल, डबीर त्याला कार्यभार सोपवतील, आणि मग तो नवा सांता त्यांना त्यांचे पाकीट देईल. मार्ग अगदी सरळ होता. मधल्या काळात डबीरांनी कार्यभार सोडला असे दिसता कामा नये, कारण कार्यभार परस्पर सोडणाऱ्याचा बोनस जप्त होतो.

“तब तक आप सांता हैं,” मॅडम समजावणीच्या सुरात म्हणाल्या. “और ड्यूटी है, तो ड्रेस है.”

अशा रीतीने नव्या वर्षात भालचंद्र डबीर रोज सकाळी लाल कोट, झालरी, दाढी आणि उशी अशा जाम्यानिम्यात स्कूटरवरून कारखान्यात जाऊ लागले. पहिले काही दिवस अयोध्या नगरच्या रस्त्यावर पोरे मागे धावली. मग त्यांनाही सवय झाली. सिटी बसचा एक ड्रायव्हर त्यांना पाहून रोज घड्याळ लावी. संक्रांतीला महाराष्ट्र मंडळात त्यांनी दाढीआडून तिळगूळ वाटला. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ते कोणाच्या रांगेत उभे राहणार ह्यावर बराच पत्रव्यवहार झाला आणि शेवटी त्यांना अग्निशमन दलात सामावून घेण्यात आले, कारण रंग जुळत होता. साहेबांनी मानवंदना स्वीकारली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर कुठेही आश्चर्य नव्हते.

आश्चर्य एकट्या नलिनीबाईंना वाटत होते, आणि ते लवकरच संतापात बदलले. पोशाख स्वच्छ असावा असा नियम होता, त्यामुळे कोट दर दोन दिवसांनी धुवावा लागे. भिजला की तो एका माणसाला उचलवत नसे, आणि त्याचा रंग जाई तो बाकीच्या कपड्यांवर. डबीरांचे गंजीफ्रॉक गुलाबी झाले, चादरी गुलाबी झाल्या, नलिनीबाईंच्या माहेरची पांढरी साडीही गुलाबी झाली.

एक दिवस त्या कोट पिळता पिळता थांबल्या आणि तो तसाच बादलीत सोडून पाटावर बसल्या. “अहो, मशीनच्या पैशांसाठी तुम्ही हा कोट घालता. आणि हा कोट धुऊन धुऊन माझे हात इतके गेलेत की मशीन आलं तरी त्याचं बटण दाबायला शेजारणीला बोलवावं लागेल. हे कुणाला तरी सांगा ना जाऊन.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. डबीरांनी उशी काढली, बाह्या सरसावल्या आणि कोट स्वतः पिळायला घेतला. त्यांनाही तो धड पिळता आला नाही. दोघांनी दोन टोके धरून तो कसाबसा पिळला. त्या दिवशी डबीरांनी ठरवले की आता गप्प बसायचे नाही.

मीना मॅडमनी एक उपाय सुचवला. पाकीट मिळालेल्या कर्मचाऱ्यांनी जर लिहून दिले, की सांताला स्वतःचा बोनस न मिळणे हा नियम गैरसोयीचा आहे, तर दिल्ली कदाचित विचार करील. डबीर हुरळून गेले. ज्यांनी आपल्यासाठी टाळ्या पिटल्या ते सह्या देणार नाहीत तर कोण देणार? अर्ज घेऊन ते आधी जयंत कानड्यांकडे गेले. जयंताने बोनसमधून नवा रंगीत टीव्ही घेतला होता आणि तो मॅच बघत होता. त्याने आग्रहाने चहा पाजला, अर्ज शांतपणे वाचला आणि टीपॉयवर ठेवला.

“भालचंद्र, तुझ्यावर अन्याय झालाय, ह्यात वादच नाही,” तो म्हणाला. “पण असं बघ, नियम तर बरोबरच आहे. उद्या प्रत्येक जण स्वतःच स्वतःला पाकीट द्यायला लागला तर?”

“पण मी कुठे सगळ्यांबद्दल बोलतोय? माझ्या एकट्याचं पाकीट आहे.”

“तेच तर. एकट्यासाठी फाइल खोलायची, आणि मग त्यांनी आमच्या पाकिटांतच काही मीनमेख काढली तर? घर बैठे बला.” आणि त्याने टीव्हीचा आवाज थोडा वाढवला.

डबीर दारोदार हिंडले. कुठे चहा मिळाला, कुठे चिवडा मिळाला, एका घरी तर पोराने ‘सांता अंकल’ म्हणून त्यांच्याकडे चॉकलेट मागितले. सगळ्यांना त्यांच्याबद्दल हळहळ वाटत होती आणि सगळ्यांच्या मते नियम बरोबरच होता. सही केली एकट्या कुरियनने. त्याने अर्ज वाचलाही नाही. “डबीरसाब, मेरा तो क्रिसमस ही कैंसल हुआ था. लाइए, कहाँ करना है?” एका सहीचा अर्ज दिल्लीला गेला. मार्चअखेर आली, आर्थिक वर्ष संपले आणि डबीरांचे पाकीट तिजोरीतल्या तिजोरीत व्यपगत झाले. पुढील आदेश आलेलाच नसल्यामुळे डबीर मात्र भोपाळच्या उन्हाळ्यातही सांताच राहिले.

आदेश आला तो पुढच्या डिसेंबरात. मुख्यालयाने एका सहीच्या त्या अर्जाचा खरोखरच विचार केला होता. त्यातून दिल्लीच्या असे लक्षात आले, की भोपाळ कारखान्याने सांता नेमून एका माणसाचा बोनस नियमाला धक्का न लावता वाचवला आहे. एवढ्या साध्या उपायाकडे आजवर कोणाचेच लक्ष गेले नव्हते. जी.एम. साहेबांना काटकसरीबद्दल प्रशस्तिपत्र मिळाले आणि हा उपाय व्यापक प्रमाणावर राबवण्याची सूचना झाली : यंदापासून कारखान्यातील सर्व कर्मचाऱ्यांना सांताक्लॉज म्हणून नेमण्यात येत आहे; सांतांनी परस्परांना दिलेला बोनस संगनमत समजला जाईल.

सर्व, म्हणजे एक सोडून. ज्या पदावरून पैशांचे वाटप होते ते संवेदनशील पद, आणि संवेदनशील पदावर एकाच माणसाला लागोपाठ दुसऱ्यांदा ठेवता येत नाही, असा दक्षता विभागाचा फार जुना नियम होता. त्यामुळे भालचंद्र डबीर कार्यभारातून मुक्त झाले. लघाट्यांनी दाढी स्वतः तपासून परत घेतली आणि झडलेल्या केसांबद्दल फक्त समज दिली.

दुसऱ्या वर्षीच्या पार्टीला क्लबाचे सभागृह लालभडक झाले होते. बँडवाल्याने रात्रंदिवस खपून कोट पुरवले होते. रामलीलेच्या दाढ्या पुरल्या नाहीत म्हणून उरलेल्यांना पिंजाऱ्याकडचा कापूस लावला होता. प्रत्येकाजवळ उशी होती आणि प्रत्येकाजवळ पोते होते. शिंका चौफेर चालल्या होत्या. घेणारा मात्र एकच होता. पहिल्या रांगेत, साध्या राखाडी स्वेटरात, डबीर नलिनीबाईंशेजारी बसले होते.

त्यांचे ह्या वर्षीचे पाकीट नेमक्या कोणत्या सांताने द्यावे असा पेच पडला. लघाट्यांनी तो सोडवला. सगळेच सांता समकक्ष असल्यामुळे पाकीट सगळ्यांच्या हातांतून जावे. मग ते पाकीट फौंड्रीपासून निघाले आणि हातोहात पुढे सरकू लागले. प्रत्येक जण ते क्षणभर धरी, नियमाप्रमाणे तीनदा हसे आणि शेजाऱ्याला देई. हसण्याचा आवाज रांगेगणिक बारीक होत गेला. जयंताच्या हाती पाकीट आले तेव्हा त्याला हसायला जमलेच नाही; लघाट्यांनी त्याला पुन्हा हसायला लावले. कुरियनने ते डबीरांच्या हातात दिले आणि सवयीने “मेरी क्रिसमस, साब” असे म्हटले.

आठवड्याच्या आत मशीन आले. नळ जुळला, प्लग जुळला, पंचा दोरीवर गेला. पहिल्या दिवशी नलिनीबाई मशीनसमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि आत गरगरणाऱ्या कपड्यांकडे बघत नुसत्या हसत होत्या. तेवढ्यात दार वाजले. दारात जयंत कानडे आणि त्याच्यामागे कुरियन उभे होते. दोघेही झालरीचे कोट घालून, उशा बांधून, कारण पुढील आदेश आलेला नव्हता.

“या, या,” नलिनीबाई म्हणाल्या. “अगं बाई, केवढे मळलेत हे कोट! काढा ते भाऊजी, मशीनमध्ये टाकते. कुरियनभाऊ, तुम्ही पण द्या.”

कुरियनने कोट काढून दिला, जयंताने काढला नाही. त्याने झालरीआडून एक कागद काढून डबीरांपुढे ठेवला. “भालचंद्र, आम्ही सगळ्यांनी अर्ज केलाय. सांताला बोनस न मिळणं हा सरासर अन्याय आहे. पण मीना मॅडम म्हणतात, पाकीट मिळालेल्या कर्मचाऱ्याने लिहून दिलं तरच दिल्ली विचार करेल. आणि पाकीट तर, यार, एकट्या तुलाच मिळालंय.”

डबीरांनी अर्ज वाचला. मजकूर त्यांनीच गेल्या वर्षी लिहिला होता, त्यामुळे तो चांगला होता. त्यांनी पेन उचलले. आतून मशीनची घरघर ऐकू येत होती. फाइल पुन्हा खोलली, तर पाकीट सगळ्यांच्या हातांतून गेले हे नियमात बसते का, असा प्रश्न कोणीतरी काढणारच. ‘कोणीतरी’ म्हणजे लघाटे. आणि वसुली निघाली तर मशीन तर परत देता येत नाही. डबीरांनी पेन खाली ठेवले. कुरियनकडे त्यांनी पाहिले नाही.

“तुमच्यावर अन्याय झालाय, ह्यात वादच नाही,” ते म्हणाले. “पण जयंता, नियम तर बरोबरच आहे.”

नलिनीबाईंच्या हातात कुरियनचा कोट होता. तो त्यांनी घेतला होता तसाच धरून ठेवला आणि त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. मग आत गेल्या.

ही हकीकत वाचताना तुम्हालाही अधूनमधून हसू आले असेल. आले असेल तर मनाला लावून घेऊ नका. तुमचे पाकीट तुम्हाला मिळालेले आहे, एवढाच त्याचा अर्थ.